जवळ म्हणजे किती जवळ?

(नागपूर येथे झालेल्या सहायक मंडळींच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



यंदाच्या हिशेबपत्रकात ‘गावनोंदणी व संगणक’ अशी एक ओळ आहे. रक्कम मोठी नाही, तरी काही जणांनी तिच्याविषयी विचारले आहे. तांदळाचा खर्च समजतो, औषधांचा समजतो, वसतिगृहाच्या छपराचा समजतो. आदिवासी बांधवांत सेवा करणाऱ्या संस्थेला संगणकातली नोंदवही कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. ज्याने आपल्या पेन्शनीतून किंवा भाजीच्या पैशांतून वर्गणी दिली, त्याला असे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. ती नोंदवही मी सांभाळतो, म्हणून उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले. शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगतो.

ही सगळी खटपट एका प्रश्नासाठी आहे. मी या ठिकाणी उभा आहे. इथून सर्वांत जवळचे काय? जवळचा दवाखाना कोणता, जवळची चालू हापशी कोणती, जवळची आशाताई कोण, जवळचे गाव कोणते जिथे आपला कार्यकर्ता मुक्कामाला आहे? एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावर पावसाळ्याच्या रात्री मुलाला साप चावला, तर त्याच्या बापाला जगातला दुसरा कोणताही प्रश्न नसतो. त्याचे उत्तर नागपुरात कपाटातल्या फायलीत असून भागत नाही. ते लगेच मिळाले पाहिजे आणि बरोबर मिळाले पाहिजे.

आपल्या नागपूरला हा प्रश्न नवा नाही. झिरो माईलच्या स्तंभावरून आपण रोज जातो. त्याच्याजवळ १९०७ सालचा मोजणीचा लहान दगड आहे, आणि स्तंभावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. इथून ते किती लांब, हे सांगणारी ती दगडाची नोंदवहीच आहे. ज्या माणसाने या देशाची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू केली, तो विल्यम लॅम्बटन तर आपला शेजारी म्हणावा असा. १८०२ साली मद्रासजवळ त्याने पहिली पायारेषा मोजली. अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवीत त्याची माणसे वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिली. हैदराबादहून नागपूरला येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो वारला, आणि तिथेच त्याला मातीआड केले. आज तुमच्या खिशातला मोबाइल फोन आकाशातल्या उपग्रहांकडून जे दोन आकडे क्षणात घेतो, त्यांच्यासाठी त्या माणसाने आयुष्य वेचले होते.

ते दोन आकडे म्हणजे अक्षांश आणि रेखांश. नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१५ उत्तर आणि रेखांश सुमारे ७९.०९ पूर्व. पृथ्वीवरची कोणतीही जागा या दोन आकड्यांत सांगता येते.

आता नोंदवहीकडे येतो. आपल्या मंडळीत बाप्तिस्म्याचे रजिस्टर असते. त्यात रकाने ठरलेले असतात: नाव, आईबापांचे नाव, जन्मतारीख, पाळकांची सही. प्रत्येक ओळीत तेवढेच रकाने, कमी नाहीत, जास्त नाहीत. एकसारख्या माहितीला ही पद्धत उत्तम. पण गावे एकसारखी नसतात. एका गावात शाळा, दवाखाना, तीन हापशा आणि तेंदूपत्त्याचे फड असतात. दुसऱ्या टोल्यावर अकरा घरे आणि एक झरा, बाकी काही नाही. काही गावांना सरकारी नाव एक आणि माडिया नाव दुसरेच असते. हे सगळे ठराविक रकान्यांत कोंबायला गेलो, तर निम्मे रकाने रिकामे राहतात आणि उरलेली खरी माहिती समासात लिहावी लागते.

म्हणून आम्ही वेगळ्या प्रकारची नोंदवही घेतली. इंग्रजीत तिला डॉक्युमेंट डेटाबेस म्हणतात. रजिस्टरऐवजी एक पेटी आहे आणि पेटीत प्रत्येक गावाचे स्वतंत्र पत्रक आहे, असे समजा. पत्रकावर त्या गावाला लागू असेल तेवढेच लिहायचे. मोठ्या गावाचे पत्रक लांब, टोल्याचे आखूड. आम्ही वापरतो त्या प्रणालीचे नाव मोंगोडीबी. ती २००९ पासून जगात वापरात आहे आणि तिची मूळ आवृत्ती फुकट मिळते. हिशेबातली रक्कम प्रणालीची किंमत म्हणून गेलेली नाही. ती दोन जुने संगणक दुरुस्त करण्यात, जागा भाड्याने घेण्यात आणि गावोगाव फिरून पत्रके भरण्याच्या प्रवासखर्चात गेली.

प्रत्येक पत्रकावर एक नोंद मात्र सक्तीची आहे: ठिकाणाचे दोन आकडे. इथे एक खाचखळगा आहे. जे तरुण हे काम शिकू पाहतात त्यांनी कान देऊन ऐकावे. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, फोनही अक्षांश आधी दाखवतो. या नोंदवहीचा नियम उलटा आहे. ठिकाण लिहिण्याची जी जिओजेसन नावाची जागतिक पद्धत आहे, तिच्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर. नागपूर लिहायचे तर आधी ७९.०९, मग २१.१५. उलटे लिहिले तर काय होते? नागपूर उचलून नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबारच्या बर्फाळ बेटांपाशी जाऊन पडते, जिथे पांढरी अस्वले राहतात.

गंमत इथे संपते, कारण संगणक याबद्दल काहीही तक्रार करत नाही. अक्षांश ९० पेक्षा जास्त असूच शकत नाही, म्हणून जपानातल्या माणसाने तोक्योचे आकडे उलटे घातले तर १३९ हा आकडा पाहून संगणक लगेच नाकारतो. आपले ७९ मात्र ९० च्या आत बसते. भारताच्या बहुतेक भागांची हीच गोष्ट आहे. चूक गुपचूप आत जाते आणि गाव नकाशावरून नाहीसे होते. मग जवळचे काय, असे विचारल्यावर ते गाव कधीच उत्तरात येत नाही. म्हणून आमच्याकडे पत्रक भरणाऱ्या प्रत्येकाला एक सोपी खूण शिकवली आहे: आपल्या भागात पहिला आकडा सत्तरीच्या पुढचा किंवा ऐंशीच्या आसपासचा, दुसरा विशीच्या आसपासचा. मोठा आधी, लहान नंतर. आठवी शिकलेली मुलगीही हे तपासू शकते, आणि तपासते.

आता शोध कसा होतो ते पाहू. शेकडो पत्रके पेटीत आहेत. प्रत्येक पत्रक काढून अंतर मोजायचे म्हटले, तर पत्रके वाढतील तसा वेळ वाढत जाईल. म्हणून आधी एक सूची करून ठेवावी लागते. ही सूची नसेल तर जवळचे शोधण्याचा प्रश्न मोंगोडीबी स्वीकारतच नाही, सरळ नकार देते. सूचीची कल्पना तुमच्या ओळखीची आहे, कारण रोजच्या पत्रावर ती असते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या मराठी मुलखातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पिनकोडचा पहिला आकडा ४ म्हणजे देशाचा हा पट्टा; ४४ म्हणजे विदर्भ; ४४० म्हणजे नागपूर. प्रत्येक आकड्यागणिक मुलूख लहान होत जातो, आणि कोल्हापूरच्या गठ्ठ्यात डोकावण्याची पोस्टमनला गरजच पडत नाही.

संगणकाची सूची अशीच आहे. ती सबंध पृथ्वीचे आधी सहा तुकडे करते, प्रत्येकाचे चार, त्यांतल्या प्रत्येकाचे पुन्हा चार, असे तीस वेळा, जोवर तुकडा बोटाच्या नखाएवढा होत नाही. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. आपण एका बिंदूवर बोट ठेवून विचारले, की ती आधी आसपासचे तुकडे पाहते, मग त्याबाहेरचे कडे, मग त्याही बाहेरचे. तळ्यात खडा टाकल्यावर लाट जशी पसरते तशी. लाटेला जे गाव आधी लागेल ते यादीत पहिले. त्यामुळे यादी आपोआप जवळून लांब अशा क्रमाने येते.

या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. तिला तालुक्याची हद्द कळत नाही. आपली सगळी जुनी कागदपत्रे तालुक्यावार, जिल्ह्यावार होती, आणि कार्यकर्ता आपल्या तालुक्याच्या फायलीतच उत्तर शोधे. पण आपले लोक जिथे राहतात तो मुलूख सगळा सीमेवरचा आहे. कोरची तालुका छत्तीसगडला लागून, सिरोंचा तेलंगणाला लागून. मेळघाटात धारणीपासून जिल्ह्याचे ठिकाण अमरावती, पण सरळ रेषेत मोजले तर मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर कितीतरी जवळ. कोरकू आईबापांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आमच्या फायलींना माहीत नव्हते. बिंदूपासून शोध घेतला की लाट सरकारी रेघेपाशी थांबत नाही.

अंतर मीटरमध्ये मिळते आणि पृथ्वी गोल आहे हे धरूनच मिळते. हे का सांगतो? कारण पूर्वी काही जण नुसते आकड्यांतले फरक मोजत. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर असतो. रेखांशाचा एक अंश मात्र ध्रुवाकडे जाताना लहान होत जातो. नागपूरच्या पट्ट्यात तो सुमारे १०४ किलोमीटर भरतो. दोन्ही सारखेच धरले तर पूर्वेचे गाव आहे त्यापेक्षा लांब दिसते. ही काळजी आता प्रणालीच घेते.

इथपर्यंत सगळे छान आहे. पण मंडळींनो, तुमच्यापासून काही लपवायचे नाही. संगणकाचे ‘जवळ’ आणि माणसाचे ‘जवळ’ यांत तीन ठिकाणी फरक पडतो, आणि आपले खरे काम त्या तीन ठिकाणी आहे.

पहिले ठिकाण म्हणजे नदी. संगणक अंतर मोजतो ते कावळा उडतो तसे. भामरागड आठवा. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि तालुक्याचे ठिकाण बाकीच्या जगापासून तुटते. पलीकडच्या काठावरचा दवाखाना दोन किलोमीटर, असे यादी सांगेल. ऑगस्ट महिन्यात ते दोन किलोमीटर दोन दिवसांचेही होऊ शकतात.

ही गोष्ट आपल्या मिशनच्या इतिहासात रक्ताने लिहिलेली आहे. रेव्ह. स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले, १८४६ साली त्यांनी शाळा सुरू केली, आणि आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात उभे आहे. गोंड लोकांची भाषा, गीते आणि रीतिरिवाज त्यांनी ज्या आस्थेने लिहून ठेवले, त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली पुस्तकरूपाने छापली. पण ते पुस्तक पाहायला हिस्लॉप नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथली प्राचीन शिलावर्तुळे पाहून ते बोरीच्या मुक्कामाकडे परत निघाले. अंतर थोडेच होते. मध्ये एक नाला होता, आणि तो भरून वाहत होता. त्या नाल्यात ते बुडाले. या मुलखाचा इतका अभ्यास असलेला माणूस थोड्या मैलांवरच्या मुक्कामाला पोचू शकला नाही.

म्हणून आमच्या पत्रकावर आता दोन नोंदी जास्त आहेत. गाव नदीच्या कोणत्या काठावर आहे, आणि कोणत्या महिन्यांत वाट बंद असते. मोंगोडीबीला अंतराबरोबर दुसऱ्या अटीही घालता येतात. जून ते ऑक्टोबर आपण विचारतो तेव्हा अट असते: याच काठावरचे, वाट चालू असलेले, त्यांत सर्वांत जवळचे. मग यादीत पहिले नाव कदाचित चौदा किलोमीटरवरचे येते. ते लांबचे दिसते, पण तिथे खाटेवर उचलून माणूस नेता येतो. तसेच आम्ही एकच नाव मागत नाही, दहा मागतो, आणि निवड गावातला जाणता माणूस करतो. कोणत्या वाटेवर चिखल आहे, कुणाचा डोंगा काठावर आहे, हे त्याला ठाऊक असते. संगणकाने नावे सुचवावीत, वाट माणसाने ठरवावी.

दुसरे ठिकाण म्हणजे दार. नोंदीत दवाखाना आहे म्हणून तिथे मदत आहे असे होत नाही. उपकेंद्रात नर्सबाई असतात, डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. साप चावलेल्या मुलाला जवळच्या उपकेंद्राकडे धावत नेले आणि तिथे लस नसली, तर गेलेली अर्धी रात्र परत येत नाही. त्यासाठी विचारताना ‘दवाखाना’ एवढेच विचारायचे नाही. जिथे सर्पदंशाची लस आहे, जिथे रात्री कुणीतरी असते, अशांपैकी जवळचे कोणते, असे विचारायचे. आणि ही माहिती शिळी होते. बदली होते, हापशी बिघडते, इमारतीला कुलूप लागते. म्हणून प्रत्येक पत्रकावर शेवटच्या तपासणीची तारीख असते, आणि सहा महिन्यांपूर्वीची नोंद यादीत आली तर तिच्यापुढे खूण उमटते. हिशेबातला प्रवासखर्च तुम्हांला जास्त वाटला असेल, तर तो याचसाठी आहे. कुणीतरी सायकलने जाऊन दार उघडे आहे का ते पाहून येते.

तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे. ‘सर्वांत जवळचे’ विचारले की संगणक काहीतरी सांगतोच. साठ किलोमीटरवरचे गाव असले तरी तो त्यालाच पहिला क्रमांक देईल, कारण त्याहून जवळ कुणी नाही. यादीत पहिला आला म्हणजे जवळ आहे, असा समज होतो. त्यावर उपाय म्हणजे मर्यादा घालणे: दहा हजार मीटरच्या आत काय आहे ते सांग. आणि मग काही टोल्यांसाठी यादी कोरी येते.

बंधुभगिनींनो, मी या नोंदवहीतून शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट ही कोरी यादी आहे. तिच्याइतके स्पष्ट उत्तर दुसरे नाही. ती म्हणते, इथे कुणी नाही.

हे असे का होते, ते आकड्यांत पाहा. सरकारी निकष लोकसंख्येवर आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० मागे, आदिवासी भागात २०,००० मागे. वाचताना वाटते, आदिवासींना सवलत दिली आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे राहतात, गडचिरोली जिल्ह्यात ७४. हिशेब करा. राज्याच्या सरासरीने ५,००० माणसे सुमारे १४ चौरस किलोमीटरमध्ये मावतात. गडचिरोलीच्या सरासरीने ३,००० माणसे ४० चौरस किलोमीटरवर पसरलेली असतात, आणि २०,००० माणसे २७० चौरस किलोमीटरवर. हीदेखील सबंध जिल्ह्याची सरासरी झाली. आतल्या जंगलपट्ट्यात वस्ती याहून विरळ. डोकी मोजली तर निकष पुरा होतो. पावले मोजली तर होत नाही. आपण पावलांकडून मोजायला लागलो, एवढाच या नोंदवहीचा अर्थ.

मग कोऱ्या यादीचे करायचे काय? तिथे आपल्या भूमीतच एक धडा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. बाळंतीण आणि नवजात बाळ दवाखान्यापर्यंत पोचत नाही, हे पाहून त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाची काळजी घ्यायला, धोका ओळखायला आणि प्रथम उपचार करायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष आला: तिथले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. त्या ३९ गावांत काही नवे मोठे रुग्णालय बांधले गेले नव्हते. मदतीपर्यंतचे अंतरच त्यांनी एका झोपडीपासून दुसऱ्या झोपडीइतके केले. यादीतले पहिले नाव शेजारणीचे झाले. त्याआधी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तोही असाच: जिथे कुणी नाही तिथे जाऊन राहणे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ठिकाणाची माहिती दुधारी असते. आपण ज्या भागात काम करतो तिथे कुणाचे घर कुठे, रात्री कोण कुठे जाते, ही माहिती चुकीच्या हाती पडली तर गरिबाच्या जिवावर बेतते. म्हणून नोंदवहीत कोणत्याही माणसाचे किंवा घराचे ठिकाण लिहिलेले नाही. गाव, हापशी, शाळा, दवाखाना, एवढेच. आकडेही आम्ही मुद्दाम आखूड ठेवतो. दशांश चिन्हानंतर चार आकडे लिहिले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी कळते. दोन आकडे लिहिले तर सुमारे एका किलोमीटरपर्यंत. टोल्यासाठी दोन पुरतात. हापशीसाठी तेवढे चार लिहितो. आणि ग्रामसभेने हो म्हटल्याशिवाय गावाचे पत्रक भरत नाही. भरले की त्याची छापील प्रत गावात देतो, त्यावर गावाचे माडिया किंवा गोंडी नाव आधी आणि सरकारी नाव नंतर. ती माहिती त्यांची आहे. आपण फक्त सांभाळणारे.

आता शेवटाकडे येतो. हे काम करताना मला वारंवार प्रभूने सांगितलेला तो दाखला आठवतो, जो आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट. लुटला गेलेला एक माणूस रस्त्याच्या कडेला पडलेला. त्या वाटेने आधी याजक गेला, मग लेवी गेला, मग शोमरोनी आला. त्या घडीला आमच्या नोंदवहीला विचारले असते की या माणसाला सर्वांत जवळचा कोण, तर तिने काय उत्तर दिले असते? याजक, अंतर काही पावले. थोड्या वेळाने विचारले असते, तर लेवी, अंतर काही पावले. उत्तर अगदी अचूक, आणि तरीही त्या माणसाच्या काही कामाचे नाही. शोमरोनी तर परका. घरापासून लांब, जातीने लांब, धर्माने लांब. पण तो गाढवावरून उतरला, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, पैसे दिले, आणि परत येताना पुन्हा येईन म्हणाला. प्रभूने शास्त्र्याला विचारले ते अंतराविषयी नव्हते. शेजारी कोण ठरला, एवढेच विचारले.

नोंदवही आपल्याला एवढेच सांगू शकते की कोण किती अंतरावर आहे. थांबणे, उतरणे, पुन्हा येणे हे ती करत नाही. ते तुमच्या वर्गणीने, कार्यकर्त्यांच्या पायांनी आणि गावातल्या आशाताईच्या हातांनी होते.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, तुमच्यापैकी जे गावभेटीला येतात त्यांनी मोकळ्या हाताने येऊ नये. एक पत्रक घेऊन यावे, दोन हापशा चालवून पाहाव्यात, एका उपकेंद्राचे दार उघडे आहे का ते पाहावे आणि तारीख लिहून द्यावी. दुसरी, ज्या टोल्यांसाठी यादी कोरी आली त्यांची नावे आज सभागृहाच्या दाराशी लावली आहेत. प्रत्येक मंडळीने त्यांतले एक नाव घ्यावे. त्या टोल्यावरच्याच एखाद्या बाईला वा तरुणाला आरोग्यसेवेचे शिक्षण देण्याचा वर्षभराचा खर्च एका मंडळीला झेपण्याजोगा आहे. तिसरी विनंती प्रार्थनेची. त्या टोल्यांची नावे उच्चारायला जड जातील, तरी रविवारी ती मोठ्याने घ्या. नाव घेतलेले गाव लांबचे राहत नाही.

पुढच्या वर्षी याच सभेत तुम्ही मला एकच प्रश्न विचारा: दाराशी लावलेल्या यादीतली किती नावे कमी झाली? हिशेबाच्या त्या ओळीचा खरा हिशेब तोच.

देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. जोहार.